एकटीचं इंद्रधनुष्य

गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ हा लघुपट जेमतेम १५ मिनिटांचा आहे. त्यात एकही संवाद नाही. एक म्हातारी, तिची मांजर आणि तिने जपून ठेवलेल्या काडीपेट्या, एवढाच त्यातला गोतावळा. शहरातल्या एका इमारतीत ती एकटी राहते. काडीपेटीवरच्या चित्रात शिरते आणि मांजरीला सोबत घेऊन भलत्याच मुलखात फिरून येते. गोष्ट म्हणून सांगायला गेलं तर ती इथेच संपते. तरीही बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतल्या मराठी प्रेक्षकांपुढे हा लघुपट ठेवताना आधी थोडं सविस्तर बोलायला हवं असं मला वाटतं. चित्रांचा सिनेमा म्हणजे लेकरांचा सिनेमा, अशी आपल्याकडे समजूत आहे. एकटेपणा हा पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधला आजार, खेड्यापाड्यांत त्याचं काय काम, अशी दुसरी समजूत आहे. या दोन्ही समजुती मनात धरून कुणी पडद्यासमोर बसला, तर ती १५ मिनिटं वाया जातील. या लघुपटाला जे सांगायचं आहे ते मात्र फार मोलाचं आहे. एकट्या माणसाचं आयुष्य बाहेरून रिकामं दिसलं तरी आत ते काठोकाठ भरलेलं असू शकतं, आणि ते भरलेपण पाहायला शिकणं हेही प्रेमच आहे.

गीतांजली राव मुंबईच्या सर जे. जे. इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्टमधून १९९४ साली बाहेर पडल्या. अ‍ॅनिमेशनचा वेगळा अभ्यासक्रम त्यांनी केलेला नाही. भारतीय अ‍ॅनिमेशनचे अध्वर्यू राम मोहन यांच्या स्टुडिओत काम करता करता त्या ही कला शिकल्या. रंगभूमीवर त्यांनी अभिनय केला. ‘ऑक्टोबर’ (२०१८) या हिंदी चित्रपटात त्यांनी केलेली आई अनेकांना आठवत असेल. २००६ साली कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात ‘प्रिंटेड रेनबो’ दाखवला गेला आणि तिथे त्याला तीन पुरस्कार मिळाले. मोठा स्टुडिओ, चित्रकारांचा ताफा असं काही या लघुपटामागे नव्हतं. एका बाईने दुसऱ्या बाईचं आयुष्य कुंचल्याने, धीराने रंगवत नेलं आणि त्यातून तो उभा राहिला.

म्हातारीचं रोजचं जग राव यांनी करड्या, राखाडी छटांत काढलं आहे. काडीपेटीतलं जग मात्र रंगांनी उतू जातं. करडा म्हणजे दुःख आणि रंग म्हणजे सुख, असा सरधोपट हिशेब मांडून मोकळं व्हायचा मोह इथे होतो. पण नीट पाहिलं की ध्यानात येतं, दोन्ही जगं एकाच हाताने उतरली आहेत. नटनट्यांच्या सिनेमात एखादी बाई भिंतीतून आरपार गेली तर ती करामत वाटते, कारण बाई खरी आणि तिचं जाणं खोटं, हे डोळ्याला लगेच कळतं. चित्रात असा भेद उरत नाही. घरही रंगवलेलं, बाहेरचं रानही रंगवलेलं. एक खरं मानलं की दुसरंही मानावंच लागतं. १९२४ साली पॅरिसमध्ये आंद्रे ब्रतों यांनी अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला, तेव्हा स्वप्न आणि जागेपण यांची फारकत मिटावी अशी त्यांची मागणी होती. अ‍ॅनिमेशनमध्ये ही फारकत मुळातच नसते. म्हणून तर एकटेपणासारखा विषय या माध्यमाला एवढा मानवतो. खिडकीशी बसलेली म्हातारी कॅमेराही दाखवील. ती तिथे बसल्या बसल्या कुठे जाऊन आली, हे दाखवायला कुंचलाच लागतो.

या कामाला किती वेळ लागतो, हेही पाहणाऱ्याला ठाऊक असावं. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. म्हणजे १५ मिनिटांना २१,६०० चौकटी झाल्या. एकेक चित्र दोन-दोन चौकटी टिकवायचं ठरवलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. म्हातारीने नुसता हात पुढे केला तरी बोटं कुठे होती, कुठे आली, मधे किती थरथरली, मनगट आधी वळलं की कोपर, हे चित्रकाराला ठरवावं लागतं आणि पुन्हा पुन्हा काढावं लागतं. एका साध्या हालचालीवर कधी अख्खा दिवस जातो. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हाताकडे आपण सलग किती वेळ पाहिलेलं असतं? माझ्या मते अशा लघुपटातलं प्रेम कथेत शोधायच्या आधी या बारकाईत शोधावं. ज्या बाईकडे जगाचं लक्ष नाही, तिच्याकडे इथे कुणीतरी महिनोन्‌महिने नजर न हलवता पाहिलं आहे.

मराठी माणसाला या वाटेचं नवल वाटायला नको. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) करण्याआधी कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ चौकट-चौकट करत टिपली होती. रोपटं मातीतून वर येताना पडद्यावर दिसलं, तेव्हा कुठे भांडवल घालणाऱ्याचा विश्वास बसला. पुढे १९१५च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाची चित्रफीत केली. काड्या एकेक करून हलवायच्या, दर खेपेला एक चौकट टिपायची आणि पडद्यावर त्या निर्जीव काड्यांना आपणहून चालायला लावायचं. भारतीय अ‍ॅनिमेशनचा आरंभ त्या काड्यांपासून मानला जातो. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली असाच प्रयोग केला होता. फाळक्यांनी काडीपेटी उघडून काड्या बाहेर काढल्या. नव्वदेक वर्षांनी गीतांजली राव यांनी तीच पेटी उलटून तिच्यावरच्या छापील चित्राकडे पाहिलं. हा योगायोगच असेल, पण दोघांचीही श्रद्धा एकच दिसते: घरातल्या सगळ्यात स्वस्त वस्तूतही जीव भरता येतो.

काडीपेटीची निवड किती नेमकी आहे, हे आपल्या भागातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. एके काळी काड्या स्वीडन आणि जपानहून यायच्या. परदेशी कारखानदार आपल्या बाजारासाठी पेटीवर आपलेच देवदेवता छापून पाठवायचे. १९२३च्या आसपास अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे कलकत्त्याहून काड्यांची विद्या शिकून शिवकाशीला परतले आणि तिथे घराघरांतून हा धंदा पसरला. इकडे अंबरनाथला विमकोचा कारखाना उभा राहिला. मग जहाज, मोर, हत्ती, घोडा, चित्त्याशी झुंजणारा माणूस असे नाना छाप दुकानादुकानांत दिसू लागले. ज्या घरात भिंतीवर तसबीर टांगायची ऐपत नव्हती, तिथेही चुलीजवळच्या देवळीत एक रंगीत चित्र असायचंच. पहाटे अंधारात चाचपडत हात त्याच्यावरच पडायचा. चित्र असं जगातल्या कोणत्याच कलादालनात रोज हाताळलं जात नसेल.

चित्रं जपून ठेवायची सवयही आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना आहेच. औराद, भालकी, आळंद, कुठल्याही तालुक्यातल्या जुन्या घरात पलंगाखालची लोखंडी ट्रंक उघडा. लुगड्याच्या घडीत गाणगापूरच्या दत्ताची घडी पडून चिरलेली तसबीर सापडेल, मागल्या किती तरी वर्षांच्या कॅलेंडरवरून कापलेला विठोबा सापडेल, उदबत्तीच्या खोक्याचं झाकण, हळद लागलेली लग्नपत्रिका, बंदेनवाजांच्या दर्ग्यातून आणलेला हिरवा धागा. लेकरं विचारतात, हा कचरा कशाला ठेवला? आजी उत्तर देत नाही, ट्रंकेचं झाकण लावते. ‘प्रिंटेड रेनबो’ त्या लावलेल्या झाकणाच्या आत जातो.

यात प्रेम कुठे आहे, असं काही जण विचारतील, कारण सिनेमातलं प्रेम म्हटलं की नायक-नायिका लागतात. राव यांच्या पुढच्या कामात तेही आहे. ‘ट्रूलव्हस्टोरी’ (२०१४) हा त्यांचा लघुपटही कानच्या समीक्षक सप्ताहात गेला. मुंबईच्या रस्त्यावर फुलं विकणाऱ्यांची ती प्रेमकथा, आणि तीही शब्दांवाचून. त्याच धाग्यातून पुढे ‘बॉम्बे रोज’ (२०१९) हा पूर्ण लांबीचा चित्रपट झाला, ज्याने व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचं उद्घाटन झालं. त्यात कमला आणि सलीम यांच्या प्रेमाइतकीच शर्ली डिसूझा ही एकाकी, वयस्क अभिनेत्री मनात घर करते. ती रस्त्याने चालू लागली की आजची मुंबई हळूहळू विरते आणि तिच्या तरुणपणीची मुंबई दिसू लागते. म्हणजे राव यांच्या लेखी प्रेम आणि एकटेपण ही एकमेकांच्या विरोधातली गावं नाहीत. प्रेम करणारा माणूसच एकटा पडतो. ज्याला कुणाचं काही वाटत नाही, त्याला एकटेपण कळतच नाही. ‘प्रिंटेड रेनबो’मधल्या म्हातारीजवळ द्यायला माया आहे आणि घ्यायला माणूस नाही. ती माया मग मांजरीवर जाते, काडीपेटीवर जाते, आणि चित्राचं जग जिवंत होतं ते तिच्या बळावर.

आता आपल्या मुलखाविषयी. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली आणि निजामाच्या राज्यातून आलेला जुना बीदर जिल्हा तीन वाटांनी गेला. उदगीर, अहमदपूर, निलंगा महाराष्ट्रात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. कुणाचं आजोळ परराज्य झालं, कुणाचं शेत एका बाजूला आणि सोयरे दुसऱ्या बाजूला राहिले. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी, अशी जीभ वळवायची सवय इथे लहानपणीच लागते. लाडवंतीला १८१७ साली जन्मलेल्या माणिकप्रभूंनी तर मराठी, कन्नड, हिंदी, संस्कृत अशा कितीतरी भाषांत पदं रचली; हुमनाबादजवळच्या माणिकनगरात ती आजही गायली जातात. पण भाषेवरून मन दुखावण्याचे प्रसंगही आपण पाहिले आहेत. कुठली पाटी कुठल्या भाषेत, कुठला कार्यक्रम कुणाचा, यावर घासाघीस झाली आहे. संवाद नसलेला लघुपट अशा ठिकाणी सगळ्यांना एका सतरंजीवर बसवतो. मराठी आजी, शेजारची कन्नड बाई आणि गल्लीतली दखनी बोलणारी खाला यांना तो एकाच क्षणी कळतो. कुणी कुणासाठी दुभाष्या व्हायची गरज पडत नाही.

आणि एकटेपण आपल्याकडे नाही म्हणता? येळवसेच्या दुसऱ्या दिवशी एखाद्या गावात फिरून या. वेळ अमावस्येला पुण्याहून, हैदराबादहून, मुंबईहून पोरं येतात. शेतात कडब्याची कोप उभी राहते, पांडवांची पूजा होते. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर यांनी पंगत भरते, आणि वर्षभर मुक्या असलेल्या घरातली म्हातारी दिवसभर हाका मारत राहते. संध्याकाळी गाड्या निघतात. दुसऱ्या दिवशी आंबिलीचं मडकं घासायला ती एकटीच असते. तिला कुणी टाकलेलं नसतं. पोरं दर रविवारी फोन करतात, औषधाला पैसे पाठवतात. पण तिच्या मनात दिवसभर काय चालतं, ते विचारायला कुणाला वेळ होत नाही, आणि विचारलं तरी सांगायला तिच्याजवळ शब्द नसतात. या अबोल भागासाठी चित्रं लागतात.

वास्तवापलीकडची गोष्ट सरळ सुरात सांगणं आपल्याला परकं नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं भुकेल्यांसाठी उघडली आणि त्या धान्याचं मोल विठोबाने विठू महाराच्या रूपात बीदरच्या बादशहाच्या दरबारात आणून भरलं, ही कथा आपण कीर्तनात ऐकत आलो. ऐकताना देव एवढा रस्ता चालत कसा आला, असं कुणी विचारत नाही. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, अक्क महादेवी आली. चन्नमल्लिकार्जुनाला पती मानणारी, राजवाडा सोडून निघालेली, वाटेने एकटी चाललेली ही बाई. तिच्या वचनांत विरह इतका प्रत्यक्ष आहे की न दिसणारा सखा दिसणाऱ्या जगाहून खरा होतो. तिथेच अल्लमप्रभूंची कोड्यासारखी वचनं आहेत, ज्यांत जाणतेपणी उलटी-सुलटी चित्रं एकमेकांत गुंफलेली असतात. आणि आपल्या काळात धारवाडला राहून मराठीत लिहिणाऱ्या जी. ए. कुलकर्ण्यांनी एकाकी माणसाच्या प्रवासाला स्वप्नासारखं रूप दिलं. या सगळ्यांनी एकच जाणलं होतं. आतला अनुभव पराकोटीला गेला की साधं वर्णन पुरत नाही आणि चित्र चमत्काराकडे वळतं.

बीदरपासून जवळ अष्टूरला अहमदशहा वलीची कबर आहे. कलबुर्ग्याहून बहमनी राजधानी बीदरला आणणारा हा सुलतान १४३६ साली वारला. घुमटाच्या आत शेंदरी, निळ्या, सोनेरी रंगांची नक्षी आणि अक्षरं आहेत, पण आत शिरल्यावर प्रथम अंधाराखेरीज काही दिसत नाही. मग राखणदार दाराशी आरसा धरतो आणि बाहेरचं ऊन आत पाडतो. उन्हाचा तुकडा घुमटावरून सरकतो, आणि जिथे तो पडतो तिथे वेल उमटते, अक्षर उमटतं, मागचं विझतं. सिनेमाच्या कितीतरी शतकं आधी रंगवलेलं ते छत अशा वेळी हलू लागतं. लक्षात घ्यायचं ते हे की रंग तिथे आधीपासूनच असतात. उजेड पाडणारा कुणी हवा असतो.

या लघुपटावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. म्हातारीला तिच्या कल्पनेत रमवून टाकलं की तिला एकटी ठेवणाऱ्यांची सुटका होते. हे तर दुःखावर रंग फासणं झालं, असं काही जण म्हणतात. मी यावर बराच विचार केला आहे. माझं उत्तर असं की लघुपट करडा रंग कुठेही लपवत नाही. म्हातारी दर वेळी परत येते ती त्याच घरात, त्याच खिडकीशी. काडीपेटी तिला माणसाच्या जागी पुरते, असा दावा इथे कुठेच नाही. उलट तिच्या आत केवढं जग आहे हे एकदा पाहिलं की तिचं एकटं असणं आपल्याला जास्त बोचू लागतं. ती आतून रिकामी असती तर नुकसान तिचं एकटीचं होतं. ती भरलेली आहे हे कळल्यावर नुकसान आपलंही होतं. शेवट मी इथे सांगणार नाही, पण तो पाहताना ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

दाखवणाऱ्यांसाठी दोन-तीन विनंत्या. शाळेच्या खोलीत दाखवा, मंदिराच्या सभामंडपात दाखवा, पण खिडक्या झाकून पुरता अंधार करा. फिकट पडद्यावर करड्या छटा नीट उठत नाहीत. लेकरांना पुढे आणि म्हाताऱ्यांना मागे असं बसवू नका, एकमेकांशेजारी बसवा. मधेच उठून अर्थ समजावू नका. संपल्यावर दिवे लगेच लावू नका, आणि बोलणं सुरू झालं की ते ज्या भाषेत येईल त्या भाषेत येऊ द्या.

आणि पोरापोरींसाठी एक काम. आज तुमच्या हातात फोन आहे. चौकट-चौकट टिपून हलतं चित्र करणारी फुकट अ‍ॅप्स त्यात मिळतात. काड्या घ्या, ज्वारीचे दाणे घ्या, कलबुर्गीची तुरीची डाळ घ्या, पाटीवर खडूने रेघ ओढा. फाळक्यांनी याहून फार वेगळं काही वापरलं नव्हतं. अर्ध्या मिनिटाचा सिनेमा करायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. गोष्ट मात्र इंटरनेटवर शोधू नका. घरातल्या, नाहीतर गल्लीतल्या म्हातारीपाशी बसा, तिची ट्रंक उघडायला सांगा, आणि एकेक वस्तू कुठून आली ते विचारा. ती सांगताना अडेल, भलतीकडे जाईल, मेलेल्या माणसांशी जिवंतपणी बोलावं तशी बोलेल. तिला थांबवू नका, दुरुस्त करू नका. तिचं सगळं ऐकून झालं की मग चित्र काढायला बसा.